दोन चाकांचा ट्रॅक्टर

घोलवड-बोर्डीच्या बाजूला एखाद्या जुन्या चिकूच्या वाडीत गेलात, तर करंड्या ठेवायच्या पडवीत गोणपाटाखाली झाकलेले एक यंत्र कधीकधी दिसते. दोन चाके, पुढे आडव्या सिलिंडरचे डिझेल इंजिन, मागे दोन लांब दांडे. बसायला जागा नाही. माणसाने दांडे धरून मागून चालायचे. वाडीवाले त्याला ‘टिलर’ म्हणतात. कारखानदार पॉवर टिलर म्हणतात. आपण त्याला दोन चाकांचा ट्रॅक्टर म्हणू, कारण त्याचा इतिहास मोठ्या ट्रॅक्टरहून अगदी वेगळा आहे. हा इतिहास बव्हंशी घरच्या खटपटीतून घडलेला आहे.

आधी एक साधा प्रश्न. नांगर ओढायला यंत्र जड का असावे लागते? विद्यार्थ्यांना विचारून पाहा. पुष्कळजण ‘ताकदीसाठी’ असे उत्तर देतील. खरे कारण घर्षण हे आहे. चाक जमिनीला मागे ढकलते म्हणून यंत्र पुढे जाते, आणि चाकाची ही पकड त्याच्यावरील भारावर अवलंबून असते. हलके यंत्र नांगराला जुंपले तर चाके जागच्या जागी फिरतात. यंत्र जड केले तर तेच वजन माती दाबते, आणि भाताच्या चिखलात तर यंत्र रुततेच.

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने शोधला. 1912 साली न्यू साउथ वेल्समधील गिलगांड्रा येथे वडिलांच्या शेतावर त्याने वाफेच्या इंजिनावर दातेरी चकत्या फिरवून माती उकरून पाहिली. माती मोकळी होई, पण बाजूला उडे. मग त्याने चकत्यांऐवजी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली पाती लहान व्यासाच्या दांड्यावर बसवली. 1920 मध्ये त्याला पेटंट मिळाले. ‘रोटाव्हेटर’ हा तलासरीतल्या शेतकऱ्याच्याही तोंडी असलेला शब्द त्याच्याच यंत्राचे नाव. (इंग्रजी अक्षरांत तो उलटा वाचला तरी तसाच राहतो, देवनागरीत ही गंमत जमत नाही.) या पात्यांचा गुण असा, की ती चाकांच्याच दिशेने फिरतात आणि माती कापताना यंत्राला पुढे रेटतात. त्यामुळे वजनाची गरज बरीच कमी होते.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील डनबार गावी बेंजामिन ग्रेव्हली नावाचा छायाचित्रकार होता. बाग नांगरण्यासाठी त्याने हाताने ढकलायच्या नांगराला मोटरसायकलचे भाग जोडले. ती मोटरसायकल होती ‘इंडियन’ कंपनीची. 1916 मध्ये त्याच्या ‘मोटर प्लाऊ’ला पेटंट मिळाले. छायाचित्रकाराने मोटरसायकल मोडून नांगर करावा, यात मला त्या काळाचे चित्र दिसते. यंत्र अजून उघडून पाहता येण्याजोगे होते.

परंतु शेतावर महागडे पेट्रोल जाळणे परवडत नाही, आणि डिझेल इंजिने तेव्हा प्रचंड असत. जपानमध्ये मागोकिची यामाओका यांनी 1933 मध्ये शेतकऱ्याला वापरता येईल असे लहान डिझेल इंजिन तयार केले. तरीही पुढची बारा-पंधरा वर्षे जपानी शेतकरी बैलांवरच राहिला. यंत्र होते, मग अडले कुठे?

इथे जमिनीचा प्रश्न येतो. 1946 च्या जमीन सुधारणेपूर्वी जपानमधील सुमारे 46 टक्के शेती कुळे कसत होती. सुधारणेनंतर हे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवर आले. पिकाचा मोठा हिस्सा खंडात जात होता तोवर कुळाने यंत्रासाठी पैसे काढणे अवघडच होते. जमीन स्वतःची झाली, भाताला भाव मिळाला, आणि 1950 नंतरच्या दशकात टिलर लाखोंच्या संख्येने जपानी खाचरांत उतरले.

योगायोग असा, की त्याच सुमारास आपल्याकडे तलासरी-डहाणूच्या पट्ट्यातही जमिनीचाच लढा चालू होता. मे 1945 मध्ये झरी गावी वारली शेतकऱ्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठबिगारी आणि लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध आंदोलन उभे राहिले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, ही ती पद्धत. पुढे 1948 चा कूळकायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. कागदावर हे जपानसारखेच वाटते. परंतु तलासरीकडे वाट्याला आली ती पावसावरची तुकड्या-तुकड्यांची जमीन: एक भातपीक, वरकसावर नागली-वरी, आणि उरलेले आठ महिने मजुरी. यंत्राला लागणारी रोकड या शेतीतून निघत नव्हती.

भारतात टिलरचे उत्पादन सुरू झाले ते जपानी सहकार्यानेच. बंगळूरला मित्सुबिशीच्या साहाय्याने 1967 मध्ये एक कंपनी उभी राहिली. केरळ सरकारच्या केम्कोने 1973 पासून कुबोटाच्या धर्तीचे टिलर केले. यंत्र लहान शेतकऱ्यासाठी म्हणून आले, पण किंमत बैलजोडीच्या कितीतरी पट. त्यामुळे डहाणूत ते आधी पोहोचले बागायतदारांकडे. घोलवडला चिकूची लागवड 1898 पासूनची, म्हणजे हाती रोख पैसा आणि ओलिताची सोय दोन्ही होत्या. गंमत म्हणजे चिकूच्या मुळ्या उथळ असतात आणि झाडाखाली खोल मशागत केली तर त्याच तुटतात. जिथे खरी निकड होती ती खाचरे पूर्वेला, डोंगराकडे होती. आजही देशात ट्रॅक्टर वर्षाला लाखांनी खपतात, टिलर हजारांनी.

म्हणून दुरुस्तीचा प्रश्न इथे हौसेचा नाही. जुना टिलर हाच पुष्कळांना परवडणारा टिलर. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने टिलर आणि त्यांच्या भागांच्या आयातीवर निर्बंध घातले; देशी उद्योगाच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण जुने चिनी यंत्र ज्याच्याकडे आहे त्याला भागांसाठी लेथवाल्याचाच आधार. हा लेथवाला अनेकदा उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत हात बसलेला तरुण असतो.

बिघडते काय? पहिला नंबर तेलाच्या सीलचा. चिखलणीत रोटरच्या दांड्यावर बारीक रेती घासते, सील फाटते, चिखल आत जातो आणि बेअरिंग संपते. दुसरे पाणी. या इंजिनांत रेडिएटर नसतो. डोक्यावरच्या हॉपरमधले पाणी सरळ उकळू देतात. हे अडाणी वाटते, पण गणित करून पाहा. एक किलो पाणी 30 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापायला सुमारे 293 किलोज्यूल उष्णता लागते. त्याचीच वाफ व्हायला 2257. म्हणजे उकळणारे पाणी साडेसातपटीहून अधिक उष्णता नेते. पाण्यावर तरंगणारा लाल गोळा खाली गेला की पाणी घालायचे, एवढीच अट. ती विसरली की पिस्टन धरतो.

तिसरी पाती. ती झिजली की गावचा लोहार ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपाट्यातून नवी करतो. पोलाद उत्तमच, पण ते वाकवताना तापवले की त्याचा जुना पाण गेलेला असतो; नवा द्यावा लागतो. पाते किती तापवायचे हे रंगावरून ओळखतात. लोहचुंबक जवळ धरला तर आणखी चांगले. सुमारे 770 अंशांना लोखंडाचे चुंबकत्व जाते. चुंबक चिकटेनासा झाला की थोडे आणखी तापवून तेलात बुडवायचे. इथेच घाई होते. असे पाते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळ. ते पुन्हा मंद आचेवर तापवले नाही तर पहिल्याच दगडावर त्याचा तुकडा उडतो, आणि तो मागे चालणाऱ्याच्या नडगीला लागू शकतो. पाणी पाजण्याइतकेच हे उतरवणेही महत्त्वाचे, हे शाळेत हॅकसॉच्या जुन्या पात्यावर सहज दाखवता येते.

मी ज्या पडवीत गोणपाट उचलून पाहिले, तिथे दांडे, चाके आणि गिअरपेटी जागच्या जागी होती, इंजिन नव्हते. मालकाला विचारले तेव्हा त्यांनी विहिरीकडे हात केला. तिथे ते लाकडी ओंडक्यांवर बसवले होते, पट्ट्याने पंप चालवत होते, आणि हॉपरमधून वाफ निघत होती. “जूनमध्ये परत चढवायचं,” ते म्हणाले. “आठ बोल्ट आहेत फक्त.”