बॅटरीवरचा आळ

मंडळी, सकाळी गाडी सुरू झाली नाही की आपण आळ घेतो तो बॅटरीवर. पण बॅटरी ही नुसती कोठी, भरणारा वेगळाच. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला, आणि खर्चलेली वीज परत भरणं भागच झालं. ते काम डायनमो करी. इंजिन मंद फिरलं की तो जवळजवळ काहीच देत नसे. पुढे सिलिकॉनचे डायोड आले, म्हणून अल्टरनेटर गाडीत मावला. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये तो होता.

यंत्र बदललं, सवय मात्र राहिली. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची; गाडी चालत राहिली तर चार्जिंग ठीक! अल्टरनेटरवर असं केलं तर व्होल्टेज उसळतं, डायोड जळू शकतात. म्हणजे बघा, तपासणीच रोग्याला मारते.

त्यापेक्षा मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आकडा चढलाच नाही, तर इंजिन बंद करून आधी पट्टा नि तारा बघा.

मी हे न करता नवी बॅटरी आणली होती. पट्टा सैल होता. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि कारण न तपासताच निकाल दिला!