लोणारच्या गाळाची साक्ष

जंगल कोणी संपवले, असे विचारले की बोट ठरलेल्या दिशेनेच जाते. शेळ्या चारणारा धनगर, मोळी विकणारी बाई, रान पेटवणारा पारधी आणि गायरानावर नांगर घालणारा भूमिहीन बौद्ध. दीडशे वर्षे हा खटला चालू आहे आणि आरोपींची बाजू कोणी ऐकलेली नाही. साक्ष निघाली ती आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार सरोवराच्या तळातल्या गाळातून.

लोणारचे विवर उल्कापाताने काळ्या पाषाणात पडले, हे इथले शाळकरी पोरही सांगते. त्याच्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. म्हणून हजारो वर्षे त्यात पडलेले परागकण, कोळशाचे कण, माती हे सगळे थरावर थर बसत गेले. शास्त्रज्ञांनी तळाला छिद्र पाडून सुमारे १० मीटर लांबीचा गाळ बाहेर काढला. त्यात जवळजवळ ११ हजार वर्षांची नोंद सापडली. त्यावरच्या संशोधनापैकी निल्स रीडेल आणि सहकाऱ्यांचा २०२१ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेला लेख आमच्या कामाचा आहे. त्यांचा प्रश्न साधा होता. दख्खनची गवताळ माळराने मुळातली आहेत, की माणसाने जंगल तोडून-जाळून ती केली?

गाळाचे उत्तर असे की सुमारे ६ हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस कमजोर होत गेला आणि त्यामुळे जंगल विरळ होऊन गवताळ माळ पसरला. वणव्यांमुळे किंवा माणसाच्या हाताने हे झालेले नाही. शेती, गुरेपालन आणि वस्ती करून राहणे त्यानंतर आले. माळ आधी, गुराखी नंतर. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी गुराख्याला दीडशे वर्षे झोडपले, तो गुन्हा घडलाच नव्हता.

मग माळाला 'उजाड', 'पडीक' ही नावे दिली कोणी? १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८७० साली खामगावपर्यंत रेल्वे पोचली. चराईचे माळ कापसाखाली जाऊ लागले. जी जमीन सारा देते ती जमीन आणि जी देत नाही ती पडीक, असा हिशेब झाला. उरलेल्या रानाचे सरकारने वर्ग पाडले, काही लाकडासाठी, काही वैरणीसाठी, काही चराईसाठी. आमच्याकडे आजही गायरानाला 'ई-क्लास' म्हणतात, ते या वर्ग पाडण्याच्या सवयीचेच अपत्य. डोंगर, दऱ्या, पडीत जमिनी आणि गायराने फॉरेस्ट खात्याने गिळली आणि शेतकऱ्याच्या शेळ्यांना चरायला जागा उरली नाही, हे महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ सालीच लिहून ठेवले होते. पर्यावरणाच्या इतिहासात त्यांचे नाव किती पुस्तकांत येते, ते वाचकांनीच पाहावे.

ज्याला पडीक म्हटले त्या माळावर पवन्या आणि मारवेल गवत होते, बोर, बाभूळ, हिवर होता, तणमोर आणि लांडगा होता. आणि गावकुसाबाहेरची माणसे होती. तरवड-बाभळीच्या सालीवर ढोर-चांभारांचे कातडे कमावले जाई. शिंदीच्या झाडूवर मातंगांची चूल पेटे. गवताचा भारा आणि गवऱ्या विकून महारवाड्यातली बाई मीठ-मिरची आणी. आता काही अभ्यासक याला 'पारंपरिक ज्ञान' म्हणून गोडवे गातात. ज्ञान होतेच, पण ते जातीने लादलेल्या कामातून आले होते, हे विसरून चालणार नाही. आमच्याच देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाचे म्हणून सांगितले जाणारे चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले, ते असेच लादलेले काम करताना.

गाळाच्या साक्षीला मराठी साहित्यानेही दुजोरा दिला. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी २०२५ साली पश्चिम महाराष्ट्राबद्दलच्या जुन्या कथा, ओव्या, चरित्रे चाळली. त्यांत ४४ रानवनस्पती आल्या. २७ माळरानाची खूण सांगणाऱ्या, जंगलाची खूण सांगणाऱ्या फक्त ३.

इथपर्यंत सगळे आमच्या बाजूचे. पण खरी अडचण इथेच सुरू होते. माळ जर इतका जुना आणि मोलाचा, तर तो नांगरणारा आमचा माणूस पुन्हा आरोपी ठरणार का? बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सरकारी पडीत जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती मागितल्या. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यातून झगडून १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरान अतिक्रमणे कायम करण्याचा १९९१ चा शासन निर्णय मिळाला. तोही पुष्कळ गावांत कागदावरच आहे. आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालाने गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे, हे नोटीस बजावणारे सांगत नाहीत.

आम्ही खोटे बोलणार नाही. नांगरलेले जुने गवत सहजी परत येत नाही, हे खरे आहे. पण दोन एकर ज्वारी पेरणाऱ्यापासूनच हिशेब का सुरू करता? लागवडीच्या मोहिमांनी खड्डे खणून माळावर ग्लिरिसिडिया लावला, त्याला हरित म्हटले गेले. सौर प्रकल्पांना सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने देण्याचे धोरण आले, त्याला विकास म्हटले गेले. तोच माळ आमच्या माणसाच्या हाती असला की अतिक्रमण. न नांगरलेला माळ राखायचा असेल तर आमची ना नाही. त्याची राखण आणि चराईचा हक्क भूमिहीनांच्या नावावर करा आणि जे कसत आहेत त्यांचा सातबारा आधी द्या.

ई-क्लासची पुढची नोटीस पर्यावरणाचे कारण घेऊन आली, तर कार्यकर्त्यांनी उत्तरात तीन कागद जोडावेत. १९९१ चा शासन निर्णय, जगपाल सिंग निकालातला तो अपवाद आणि लोणारच्या गाळावरचा २०२१ चा लेख. आणि तहसीलदारांना लेखी विचारावे की गावातल्या कोणत्या गटात वृक्षलागवड झाली आणि कोणता गट सौर कंपनीला दिला. पोच घ्यायला विसरू नये.