घावाआधीचा विचार
चेन्नईच्या वायव्येस असलेले अत्तिरमपाक्कम हे अश्मयुगीन स्थळ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८६३ साली उजेडात आणले. तेथील सर्वांत जुन्या, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत क्वार्ट्झाइटच्या मोठ्या हातकुऱ्हाडी आढळतात. वरच्या थरांत त्या विरळ होतात व लहान, धारदार छिलके दिसू लागतात. आता कारागीर दगडाचा गाभा आधी घडवी, मग नेमक्या घावाने हवा तसा छिलका काढी. म्हणजे घावाआधीच हत्यार त्याच्या मनात सिद्ध असे! हा बदल सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे शांती पप्पू व सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखविले. आफ्रिकेतून आलेल्या आधुनिक मानवाने हे तंत्र सव्वा लाख वर्षांपूर्वी येथे आणले, हे मत त्यामुळे डळमळले. तेथे मानवी अस्थी मिळाल्या नाहीत. तरीही त्या अनामिक हातांमागची बुद्धी आम्हांला ओळखीची वाटते.