पडद्याआडचे राखणदार

आमच्या गोव्यात गावागावाला राखणदार असतो. तो दिसत नाही, रात्री त्याच्या काठीचा आवाज तेवढा येतो म्हणतात. वर्षाकाठी त्याला रोट द्यायचा आणि एरवी त्याच्या वाटेला जायचे नाही. संगणकातही असे अदृश्य राखणदार असतात आणि गंमत म्हणजे त्यांचे नावही भुताखेतांकडूनच आलेले आहे.

मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६७ साली एक सूक्ष्म जीव कल्पिला होता. दाराशी बसून तो वेगवान आणि संथ रेणू वेगवेगळे करत राही. पुढे त्याला 'डीमन' हे नाव पडले. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने न सांगता, मागच्या मागे काम करणाऱ्या प्रोग्रॅमांना तेच नाव दिले. त्यांचा पहिला डीमन फायलींच्या प्रती आपोआप टेपवर काढून ठेवत असे. विंडोजमध्ये याच मंडळींना 'सर्व्हिस' म्हणतात.

याच कुळातला एक जुना चाकर म्हणजे स्पूलर. संगणक वेगवान आणि छपाईयंत्र संथ. एकाने दुसऱ्यासाठी खोळंबून राहायचे तर दिवस जायचा. म्हणून छापायचा मजकूर आधी टेपवर किंवा डिस्कवर ठेवायचा आणि मागून सावकाश छापायचा, अशी सोय निघाली. आम्हा कारकुनांना हे पटकन कळते. साहेबांनी सही करून कागद ट्रेमध्ये टाकला की ते मोकळे, पुढचे जावक कारकून बघतो!

आता दांडिया बाजारची गोष्ट. बडोद्यात सुरसागराजवळच्या या जुन्या मराठी वस्तीत माझे मामा राहतात. त्यांनी घराण्याचा वृत्तांत एक्सपीच्या संगणकावर टाइप केला होता, तोही युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसेल तर त्या फायलीत मराठीऐवजी नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. २०१२ च्या दिवाळीत मी गेलो तेव्हा यंत्र गोगलगाय झाले होते. "फॉरमॅट करून टाका," असे एका दुकानदाराने सांगितले होते. म्हणजे वृत्तांतही गेला आणि फॉन्टही!

आधी दोन्ही पेनड्राइव्हवर घेतले. मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि प्रोसेसेसमध्ये सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारली, म्हणजे सर्वांत जास्त राबणारा वर येतो. तिथे एसव्हीसीहोस्ट हे एकच नाव पाच-सहा वेळा दिसले. त्याने घाबरायचे कारण नाही. एका खोलीत अनेक टेबले असावीत तशा एकेका नावाखाली अनेक सर्व्हिसेस बसतात. मात्र हे नाव सिस्टिम३२ सोडून दुसऱ्या फोल्डरातून चालत असेल तर संशय घ्यावा.

सर्वांत वर होता स्पूलर, नव्वद टक्क्यांच्या पुढे. मामांचा प्रिंटर केव्हाच भंगारात गेला होता, पण त्याला धाडलेले एक पान रांगेत अडकून पडले होते आणि बिचारा स्पूलर ते छापायची खटपट करत होता. सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्याला थांबवले, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातील प्रिंटर्स हे फोल्डर रिकामे केले आणि त्याला पुन्हा सुरू केले. यंत्र शांत झाले.

एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. तेव्हापासून मामांचे यंत्र इंटरनेटला जोडत नाही, वृत्तांत मात्र त्यावर अजून उघडतो. तेव्हा मंडळी, मागे राबणाऱ्याला एकदम हाकलू नये. त्याच्या टेबलावर कोणता कागद अडकला आहे, ते आधी पाहावे.