लॅम्डा आणि कार्बोरेटर : एका मापाचा इतिहास

पेट्रोल इंजिनाच्या इतिहासात कार्बोरेटरचे ट्यूनिंग हा दीर्घकाळ कानाचा व डोळ्याचा विषय होता. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, व हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, तुषाररूपाने पेट्रोल देणारा कार्बोरेटर सिद्ध केला. मिश्रणात पेट्रोल किती, हे पुढे अनेक वर्षे इंजिनाच्या आवाजावरून आणि प्लगच्या रंगावरून ठरविले जाई. काजळलेला प्लग म्हणजे पेट्रोल अधिक, पांढुरका म्हणजे उणे. ही परिभाषा निरर्थक नव्हती. परंतु ती गुणवाचक होती, संख्यावाचक नव्हती.

संख्या आली ती मोटारीशी संबंध नसलेल्या संशोधनातून. वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये विद्युत्-घटाच्या दाबाचे समीकरण मांडले. पुढे १८९७ च्या त्यांच्या दिव्यात झिर्कोनिया व यिट्रिया यांचे मिश्रण तापल्यावर वीज वाहून नेते, हे दिसून आले. याच द्रव्याच्या एका बाजूस धूर व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा ठेवली, की दोहोंतील प्राणवायूच्या अंतरानुसार दाब निर्माण होतो. बॉश कंपनीचा असा लॅम्डा संवेदक १९७६ मध्ये व्होल्वो मोटारीत प्रथम बसविण्यात आला. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकास मिश्रण अगदी काटेकोर हवे होते, हे त्याचे कारण. कार्बोरेटरला तो काटेकोरपणा पेलेना. त्याची जागा इंधन-फवारणीने घेतली. म्हणजे ज्या साधनाने कार्बोरेटरचे राज्य संपविले, त्याच साधनाने आज जुन्या कार्बोरेटरचे ट्यूनिंग होते!

आरंभीचा संवेदक केवळ बाजू सांगे : पेट्रोल अधिक असता सुमारे ०·९ व्होल्ट, उणे असता ०·१. नंतरच्या विस्तृत पट्ट्याच्या संवेदकामुळे खरे प्रमाण वाचता येऊ लागले. एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४·७ भाग हवा, म्हणजे लॅम्डा १. पूर्ण शक्तीसाठी हे प्रमाण १२·५ ते १३ च्या आसपास ठेवतात. निष्क्रिय गती स्क्रूने, पूर्ण थ्रॉटल मुख्य जेटने, अशी प्रत्येक अवस्था वेगळी साधावी लागते.

तथापि मापकाचे वाचन हे अनुमान आहे, याचे भान हवे. तो पेट्रोल मोजीत नाही, प्राणवायू मोजतो. एक्झॉस्टला फट असली किंवा ठिणगी चुकली, तरी न जळलेला प्राणवायू त्यास दिसतो व तो ‘पेट्रोल उणे’ असे सांगतो. तेवढ्यावर विसंबून जेट मोठा करणारा निरोगी अवयवावर उपचार करतो. शिशाचे पेट्रोल तर संवेदकच निकामी करी. भारतात ते २००० साली बंद झाले.

अंकाचा अर्थही स्थिर नाही. शुद्ध इथेनॉलास सुमारे ९ भागच हवा लागते. म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाचे समप्रमाण १३·५ च्या आसपास येते. अनेक मापक मात्र लॅम्डाला १४·७ ने गुणून पेट्रोलाच्याच भाषेत बोलतात. शुद्ध पेट्रोलासाठी जेट बसविलेली जुनी मोटार अशा इंधनावर उणे मिश्रणाने चालते. तेथे १४·७ या अंकाचा आग्रह धरण्यापेक्षा लॅम्डा वाचणे श्रेयस्कर. कारण इंधन बदलले तरी त्याचा अर्थ बदलत नाही. चिन्ह आणि अर्थ यांतील अंतर ज्यास उमगले, त्याच्याच हाती हा मापक उपयोगी ठरतो. इतरांस तो केवळ नव्या प्रकारचा भ्रम देतो.