गॉर्डन हॉलचीं तेरा वर्षें

इ. स. १८१३ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ११ तारखेस कलकत्त्याकडून आलेलें एक जहाज मुंबई बंदरांत लागलें, आणि त्यांतून दोन तरुण अमेरिकन पाद्री व त्यांपैकीं एकाची पत्नी अशीं तीन माणसें खालीं उतरलीं. पत्नीसह आलेला तो सॅम्युएल नॉट. एकटा होता तो गॉर्डन हॉल. हॉलचें वय त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचें होतें. मिशनरी म्हटला कीं त्याच्यामागें राजसत्तेचें पाठबळ असावयाचेंच, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पुढील काळांत तिला थोडाफार आधारहि सांपडेल. परंतु हॉलच्या बाबतींत ती साफ चुकीची आहे. इंग्रजांच्या मुंबईंत हा मनुष्य शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आला, आणि पहिले दहा महिने तो हद्दपारीच्या छायेंतच राहिला.

हॉलचा जन्म १७८४ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील टॉलंड या डोंगराळ गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. विल्यम्स कॉलेजांतून त्यानें १८०८ मध्यें पदवी घेतली. परदेशीं जाऊन धर्मप्रसार करावा, ही कल्पना त्या कॉलेजांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं मनांत धरिली होती. तिच्यांतूनच १८१० सालीं ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था निघाली. मध्यंतरीं कनेक्टिकटमधील वुडबरी येथील मंडळीनें हॉलला आपला धर्मोपदेशक होण्याविषयीं पाचारण केलें. घर, वेतन, प्रतिष्ठा, सर्व कांहीं त्यांत आलें असतें. त्यानें तें नाकारिलें आणि फिलाडेल्फियास जाऊन थोडेंसें वैद्यक शिकून घेतलें. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलेम येथें पांच तरुणांस एकदमच दीक्षा देण्यांत आली. त्या पांचांपैकीं जडसन पुढें ब्रह्मदेशांत गेला, राइस मायदेशीं परतला, आणि हॉल, नॉट व न्यूएल हे तिघे मुंबईच्या वांट्यास आले. न्यूएलला येथें पोहोंचावयास १८१४ साल उजाडलें. त्याची पत्नी हॅरिएट वाटेंतच, मॉरिशस बेटावर, ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं वारली. तिला एकोणीस वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं.

हीं मंडळी समुद्रावर असतांनाच, १८१२ च्या जूनमध्यें, अमेरिका आणि इंग्लंड यांच्यांत युद्ध जुंपलें. कलकत्त्यास पाय ठेवतांच देश सोडून जाण्याचा हुकूम त्यांच्या हातीं पडला. ते मुंबईस निसटले, तर हुकूमहि मागोमाग मुंबईस आला. येथील गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन मनानें धर्मशील होता, परंतु वरिष्ठांची आज्ञा मोडणें त्याच्या हातीं नव्हतें. तेव्हां हॉल व नॉट एके दिवशीं गुपचुप एका गलबतांत बसून निघाले, ते थेट कोचीनपर्यंत गेले. सिंहलद्वीप गांठावें असा त्यांचा बेत होता. पण कोचीनहून त्यांना परत आणण्यांत आलें. सत्याचा उपदेश करावयास आलेल्यांनीं असें चोरून पळावें, हें कोणाहि राज्यकर्त्यास खटकणारच. त्यांनीं आपल्या वर्तनाचें लांबलचक लेखी समर्थन केलें खरें, तरी तें वाचून सरकारचें समाधान झालें असेल असें वाटत नाहीं. डिसेंबरांत जहाज ठरलें, दिवस ठरला. त्या वेळीं हॉलनें गव्हर्नरास एक शेवटचें पत्र लिहिलें. त्यांत दयेची याचना थोडी आणि एका श्रेष्ठतर न्यायासनाची आठवण अधिक होती. नेपियननें आपला हुकूम मागें घेतला. त्याच वर्षीं विलायतेंत कंपनीची नवी सनद मंजूर होऊन मिशनऱ्यांना हिंदुस्थानचें दार कायद्यानें उघडें झालेलें होतें, हेंहि येथें लक्षांत ठेवावयास पाहिजे.

राहण्याची परवानगी मिळाली. आतां राहावयाचें तें कसें, हा प्रश्न उरला. आणि तो गव्हर्नरच्या हुकुमापेक्षां पुष्कळच बिकट होता.

त्या काळीं मराठी शिकूं इच्छिणाऱ्या परकीयापुढें साधनें तरी कोणतीं होतीं? बंगाल्यांत श्रीरामपुरास विल्यम केरीनें १८०५ सालीं मराठीचें एक लहानसें व्याकरण आणि १८१० सालीं एक कोश छापिला होता. कोशांतील मराठी शब्द मोडींत. केरीचें सर्व मराठी ज्ञान नागपूरकडील पंडिताच्या साहाय्यानें मिळविलेलें, तेंहि गंगेच्या कांठीं बसून. त्यामुळें त्याचीं भाषांतरें मुंबईच्या माणसास परकीं वाटत. मोल्सवर्थचा थोर कोश यावयास १८३१ साल उजाडावयाचें होतें. म्हणजे पुस्तकांवर विसंबून चालण्यासारखें नव्हतेंच. पंडित ठेवावयाचा, त्याच्यासमोर बसावयाचें, आणि तो उच्चारील तसा उच्चार लहान मुलासारखा पुनःपुन्हा करावयाचा. ‘ळ’ आणि ‘ण’ हीं अक्षरें इंग्रजी जिभेला ठाऊक नाहींत. ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद इंग्रजी कानाला ऐकूं येत नाहीं. भिंत ती, दार तें आणि उंबरठा तो कां, याचें उत्तर पंडितापाशींहि नसतें. विद्यालयांत वक्तृत्वाचें शिक्षण घेतलेल्या, आणि बोलणें हाच ज्याचा व्यवसाय, अशा मनुष्याला दोन वर्षें जवळजवळ मुका होऊन राहावें लागलें.

या शिकवणींत आणखी एक गोष्ट होती, आणि तिचा उल्लेख मिशनच्या वृत्तांतांतून फारसा कोणी करीत नाहीं. ज्याचा धर्म खोटा आहे असें सिद्ध करावयास हा तरुण सातासमुद्रांपलीकडून आला, त्याच्याचपुढें त्याला रोज सकाळीं शिष्य म्हणून बसावें लागे. पंडिताला मासिक वेतन मिळे; पण गुरु कोण आणि शिष्य कोण याविषयीं दोघांच्याहि मनांत संदेह असण्याचें कारण नव्हतें.

१८१५ च्या सुमारास हॉल मराठींत बोलूं लागला, तेव्हां दुसरीच अडचण पुढें आली. शब्द मिळाले, पण ते कोरे नव्हते. ‘अवतार’ म्हणावें तर ऐकणारा मान डोलावणार. दहा ठाऊक आहेत, आणखी एक ऐकावयास त्याची ना नाहीं. ‘पाप’ म्हणावें तर त्याला विटाळ आठवणार किंवा मागील जन्मींचें कर्म. ‘मोक्ष’ म्हणावें तर जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका. आणि हॉलला सांगावयाचें होतें तें तर मुळींच निराळें. भाषा ही घरासारखी असते. परका मनुष्य तींत राहावयास आला तरी सामान आधींच्या मालकाचेंच असतें. पुढें बायबलाचें भाषांतर करतांना एकेका शब्दावर या मंडळींनीं जो काळ घालविला, त्याचें कारण हेंच होय.

त्यांना प्रार्थनामंदिर १८२३ पर्यंत नव्हतें. हॉल बाजारांत, तलावांच्या कांठीं, देवळांच्या आवारांत उभा राहून बोले. हिंदु, मुसलमान, पारशी, बेने इस्राएल, पोर्तुगीज अमदानींत बाटलेले कॅथलिक, असा नानाविध श्रोतृवर्ग भोंवतीं जमे. मारहाण व दगडफेक यांपेक्षां त्याला जें अधिक सोसावें लागलें तें म्हणजे सौजन्य. लोक ऐकत, गोष्ट चांगली आहे म्हणत, आणि आपल्या कामास निघून जात. ज्याचा धर्म त्याला बरा, हें आपल्याकडील सहज उद्गारलें जाणारें वाक्य हॉलसारख्याच्या सर्व आयुष्याचा पायाच उखडणारें होतें. आणि कोटांतील गोरे ख्रिस्ती लोक कसे राहतात हें तर मुंबईकरांना डोळ्यांसमोर दिसत होतें. तेव्हां या धर्मानें मनुष्य सुधारतो असें सांगावयाचें कोणत्या तोंडानें? तेरा वर्षांत त्याच्या मिशनाकडून बाप्तिस्मा घेतलेलीं माणसें एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारखीं आहेत.

म्हणून हॉल मवाळ झाला, असें मात्र समजूं नये. १८१८ सालीं त्यानें व न्यूएलनें मिळून जगाच्या धर्मांतराविषयीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत साठ कोटी लोकांचा हिशेब मांडून त्यांच्यासाठीं किती मिशनरी लागतील याचें गणित केलेलें आहे. ज्या शेजाऱ्यांमध्यें तो वावरत होता त्यांच्या पूजाअर्चेकडे त्यानें अखेरपर्यंत अंधार म्हणूनच पाहिलें. जीभ मराठी झाली, दृष्टि झाली नाहीं. हा दोष लपवून त्याचें चरित्र सांगणें म्हणजे इतिहास नव्हे.

परंतु रोजच्या व्यवहारानें जें करावयास लाविलें तें निराळेंच होतें. १८१५ पासून शाळा निघूं लागल्या, आणि त्यांस शिक्षक कोण मिळणार? ब्राह्मण पंतोजी आणि बेने इस्राएल. ख्रिस्ती पुस्तक हातीं घेऊन शेंडीवाला पंतोजी मुलांकडून धडा घोकून घेत आहे, हें दृश्य अमेरिकेंतील देणगीदारांस समजावून सांगणें सोपें नसावें. पण त्याशिवाय शाळा चालत नव्हती. १८२४ सालीं याच मिशननें मुंबईंत मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या पुण्यांतील शाळेच्या आधीं ही चोवीस वर्षें.

छापखान्याचें असेंच झालें. मुद्रणकला जाणणारा होरेशियो बार्डवेल १८१६ सालीं आला. यंत्र व खिळे कलकत्त्याहून आणिले. आणि १८१७ मध्यें मराठी आठ पानांची पहिली पुस्तिका बाहेर पडली. याच छापखान्यांत पुढें टॉमस ग्रॅहमनें मराठी खिळ्यांस सुबक रूप दिलें, आणि खिळे घासावयास लागलेला जावजी दादाजी नांवाचा एक गरीब मुलगा तेथें ती विद्या शिकून गेला. त्यानें १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढिला आणि तेथून संस्कृत ग्रंथांचीं जीं शुद्ध मुद्रणें निघालीं तीं काशीपर्यंत नांवाजलीं गेलीं. हॉलच्या साठ कोटींच्या गणितांत ही बेरीज कोठेंच धरलेली नव्हती.

आरंभीं या मंडळींची धांव साष्टीपलीकडे फारशी जात नसे. ठाण्याची खाडी उतरली कीं पेशव्यांचा मुलूख. आज कल्याणनजीक जेथें उल्हासनगर वसलें आहे तो टापूहि त्यांतलाच. १८१७-१८ मध्यें राज्य बदललें आणि वाट मोकळी झाली. नेमक्या त्याच वेळीं पटकीची सांथ बंगाल्यांतून पसरत पसरत मुंबईस येऊन पोहोंचली. न्यूएल १८२१ च्या मे महिन्यांत पटकीनेंच गेला. नॉट तर प्रकृति ढांसळल्यामुळें १८१५ सालींच मायदेशीं परतला होता. (परतला म्हणूनच कीं काय, तो १८६९ पर्यंत जगला.) ठाण्यास राहिलेला निकोल्स १८२४ त वारला, फ्रॉस्ट १८२५ त. हॉलनें १८१६ सालीं मुंबईंतच एका इंग्रज स्त्रीशीं विवाह केला होता. मुलांना येथील हवा मानवेना म्हणून त्याची पत्नी १८२५ मध्यें त्यांना घेऊन अमेरिकेस गेली. तो स्वतः राहिला. मुंबईहून त्यानें पुन्हा कधीं मायदेश पाहिला नाहीं.

२ मार्च १८२६ रोजीं हॉल दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन घाटावर निघाला. तो नाशिकास पोहोंचला तेव्हां तेथें पटकीनें थैमान घातलें होतें. दिवसाला दोनशेंवर माणसें मरत होतीं. फिलाडेल्फियास शिकलेल्या वैद्यकाचा उपयोग करण्याची वेळ आली होती. जवळचीं पुस्तकें वांटलीं, औषधें वांटलीं, आणि औषधांचा सांठा जवळजवळ संपल्यावर तो परत फिरला. १९ मार्चच्या रात्रीं वाटेवरील एका लहान गांवीं देवळाच्या ओसरीवर तिघांनीं पथाऱ्या टाकल्या. तेथें एक मनुष्य आजारी पडलेला होता व एक मरून पडला होता. पहांटे चारच्या सुमारास हॉलला पटकीचा झटका आला. उरलेलें औषध पोटांत ठरेना. मी वांचत नाहीं असें त्यानें मुलांस सांगितलें, घड्याळ व कपडे यांची व्यवस्था लावून दिली, त्यांच्यासाठीं प्रार्थना केली, आणि दुपारीं एकच्या सुमारास प्राण सोडला. बेचाळीस वर्षें पुरीं होण्यास एकोणीस दिवस राहिले होते. जागा मिळविण्यास मुलांना बरेच प्रयास पडले. पेटी नव्हती, घोंगडींत गुंडाळून त्यांनीं त्याला पुरलें. पुढें तेथें एक दगड बसविण्यांत आला.

मुलें मुंबईस परतलीं त्या वेळीं मिशनांत ॲलन ग्रेव्हज आणि छापखान्याचा जेम्स गॅरेट असे दोनच पुरुष उरले होते. मराठी नव्या कराराची छपाई त्याच वर्षीं पुरी झाली.