केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि प्लूटो

१९११ साली फ्रान्समधील ज्योतिषमंडळाच्या मासिकात एका महाराष्ट्रीय गृहस्थाचा लेख प्रसिद्ध झाला. लेखक व्यंकटेश बापूजी केतकर. शाळाखात्यातील नोकरी सांभाळून संस्कृतात ‘ज्योतिर्गणितम्’ लिहिणारे ते हेच. वरुणाच्या, म्हणजे नेपच्यूनच्या, पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असे त्यांनी प्रतिपादिले व त्यांची नावेही ठेविली: ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्म्याचे सूर्यापासून मध्यम अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे, हे त्यांचे गणित.

पुढे १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे मध्यम अंतर सुमारे ३९.५ पट, प्रदक्षिणाकाल २४८ वर्षे. हे आकडे शेजारी मांडले की आपली छाती फुगते, आणि प्लूटोचा शोध मूळचा आपलाच असे अभिमानाने म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही.

गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींत एक सुंदर मेळ आहे. आतला चार फेरे करतो तोवर दुसरा दोन आणि तिसरा एक. हाच मेळ केतकरांनी प्रजापती, वरुण आणि त्यापलीकडील ग्रह यांना लावून पाहिला. परंतु प्रजापती व वरुण यांच्यात असा पक्का मेळ नाही. शिवाय ब्रह्मा किती दूर हे त्यांनी सांगितले, तो आकाशात कोठे हे सांगितले नाही. १८४६ साली लव्हेरिए याने वरुणाची जागा गणिताने सांगितली, म्हणून बर्लिनच्या गाल्ले याला तो पहिल्याच रात्री, एका अंशाच्या आत सापडला. जागा ठाऊक नसता हजारो ताऱ्यांतून एक ठिपका निवडावा कसा? पुण्यास सायन्स कॉलेजात नायगमवाला यांची वीस इंची दुर्बीण तेव्हा उभी होती. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली व साहित्य कोडाईकनालला गेले. पण ती राहिली असती तरी वळवावयाची कोणीकडे?

प्लूटो शोधणारा क्लाइड टॉम्बॉ हा शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजचे तोंड तोवर न पाहिलेला. घरी घडविलेल्या दुर्बिणीतून काढलेली मंगळ व गुरू यांची चित्रे त्याने अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेस पाठविली. तेवढ्यावर त्याला तेथे काम मिळाले. २३ आणि २९ जानेवारी १९३० रोजी घेतलेल्या दोन छायाचित्रांत एक ठिपका सरकलेला त्याने १८ फेब्रुवारीस पाहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर वारले. पंचांगातला ग्रह आकाशातही त्याच जागी दिसला पाहिजे, हा त्यांचा जन्मभराचा आग्रह. त्यांच्या ब्रह्म्यालाही हीच कसोटी लावणे मला उचित वाटते. विष्णू तर कोणास सापडलाच नाही.

२००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. आमच्या नगर जिल्ह्यात, अकोल्याकडील काळोख्या आकाशाखाली, दहाबारा इंची आरशाची दुर्बीण परसात मांडून तो पाहता येईल. सध्या तो मकर तारकासमूहात आहे. नकाशावरून जागा गाठावी आणि दिसतील तेवढे सारे तारे कागदावर टिपावे. आकाराने वा रंगाने तो मुळीच ओळखू येणार नाही. दोनतीन रात्रींनी पुन्हा तोच कागद घेऊन बसावे. ज्या ठिपक्याने जागा सोडली असेल, तो प्लूटो.